डच वसाहतींची चांदीची नाणी: नव्या संग्राहकाने सुरुवात कशी करावी

व्हीओसी हे बोधचिन्ह असलेले डुइट हे तांब्याचे लहान नाणे आपल्याकडच्या नाणे प्रदर्शनांत सहज मिळते. त्यामुळे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या, म्हणजेच व्हीओसीच्या, नाण्यांशी बहुतेकांची ओळख तेथेच सुरू होते आणि तेथेच थांबते. चांदीकडे वळायचे ठरवले की व्यवहार एकदम बदलतो. किंमत शेकड्यांतून हजारांत आणि पुढे लाखांत जाते, विक्रेता समोरच्या प्रत्येक नाण्याला दुर्मीळ म्हणतो आणि ते खरे की खोटे हे पडताळण्याचे साधन नवख्याच्या हाती नसते. ते साधन कसे मिळवायचे आणि कोणत्या क्रमाने पुढे जायचे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझे मत आधीच सांगतो. नाण्याचे वय म्हणजे त्याची दुर्मीळता नव्हे. प्रांत, वर्ष, टांकसाळीचे चिन्ह आणि नाण्याची अवस्था या चार गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईपर्यंत कंपनीच्या काळातले मोठे चांदीचे नाणे विकत घेऊ नये.

१. आधी आपले क्षेत्र ठरवा

‘डच वसाहती’ या दोन शब्दांत साडेतीनशे वर्षे आणि निम्मे जग सामावलेले आहे. सगळे जमवायला निघालेल्या माणसाकडे शेवटी सगळ्याचे थोडे थोडे साचते आणि कोणताच संच पूर्ण होत नाही. म्हणून पुढीलपैकी एक भाग निवडावा.

पहिला भाग कंपनीचा, म्हणजे १६०२ ते १७९९ या काळाचा. त्यात नेदरलँड्समधील प्रांतांच्या टांकसाळींनी आशियासाठी पाडलेली नाणी येतात, तसेच बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, पाडलेली नाणीही येतात. दुसरा भाग १८०२ च्या एका देखण्या मालिकेचा आहे. कंपनी बुडाल्यानंतर बटाव्हियन प्रजासत्ताकाने, म्हणजे तेव्हाच्या डच सरकारने, तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र असलेली एक गिल्डरपासून (गिल्डर हे डचांचे मुख्य चलन) एक सोळांश गिल्डरपर्यंतची पाच नाणी काढली. तिसरा भाग नेदरलँड्स ईस्ट इंडीजचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचा, एकोणिसाव्या शतकापासून १९४५ पर्यंतचा. चौथा भाग पश्चिमेचा आहे. त्यात कॅरिबियनमधील कुरासाओ बेटाचे १८२१ चे रेआल हे नाणे, १९०० चे पाव गिल्डर, १९०१ चे एक दशांश गिल्डर आणि १९४४ ची अमेरिकेत डेन्व्हरमध्ये पाडलेली मालिका येते. सुरीनामचे १९६२ चे चांदीचे गिल्डर याच कपाटात ठेवले जाते, जरी सुरीनामला त्याआधीच, १९५४ मध्ये, अंतर्गत स्वायत्तता मिळालेली होती.

सीमेवरची काही नाणी मात्र नवख्याला चकवतात. डेमेरारा आणि एसेक्विबो या आजच्या गयानातील वसाहतींची १८०९ ची नाणी गिल्डर या डच परिमाणात आहेत, पण त्यांवर चेहरा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा आहे. सुराबायाच्या १८१३ ते १८१७ या काळातील जावानीज लिपीच्या रुपयांचेही तसेच. ते जावाचे असले तरी इंग्रजांच्या ताब्याच्या काळातील आहेत. ही नाणी घेऊ नयेत असे नाही, पण डच म्हणून त्यांची किंमत मोजू नये.

२. पहिली खरेदी १८५४ नंतरच्या लहान नाण्यांची करा

नेदरलँड्स ईस्ट इंडीजसाठी १८५४ मध्ये चांदीच्या सुट्या नाण्यांचा नवा नमुना ठरला. पाव गिल्डर ३.१८ ग्रॅमचे, एक दशांश गिल्डर १.२५ ग्रॅमचे आणि एक विसांश गिल्डर सुमारे ०.६१ ग्रॅमचे, आणि तिन्हींत चांदीचे प्रमाण हजारी ७२०, म्हणजे हजार भागांत ७२० भाग चांदी. एका बाजूला मुकुटधारी डच राजचिन्ह आणि साल, तर दुसऱ्या बाजूला अरबी वळणाच्या लिपीत मलय मजकूर आणि सभोवती जावानीज लिपी. एक विसांश गिल्डर फक्त १८५४ आणि १८५५ या सालांचे मिळते. ते इतके चिमुकले असते की टपालाच्या पाकिटात सापडत नाही, त्यामुळे मागवताना ते पुठ्ठ्यावर चिकटवून पाठवायला सांगावे. बाकीची दोन नाणी, काही वर्षे वगळता, १९४५ पर्यंत चालू राहिली.

या नाण्यांपासून सुरुवात करण्याचे कारण केवळ स्वस्ताई नाही. यांच्यावर डच नाणे वाचण्याचा पूर्ण सराव होतो. नेदरलँड्समधील युट्रेख्टच्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यावर दोन बारीक चिन्हे असतात: एक सर्पवेष्टित दंड, जो टांकसाळीचा आहे, आणि दुसरे त्या वेळच्या टांकसाळप्रमुखाचे. प्रमुख बदलला की चिन्ह बदलते. १८४५ ते १८७४ तलवार, १८७५ ते १८८७ कुऱ्हाड, १८८८ ते १९०९ फरशीसारखे पाते असलेला भाला, १९०९ ते १९३३ समुद्रघोडा आणि १९३३ पासून द्राक्षांचा घड. बदलाच्या वर्षांच्या आसपास याच चिन्हांसोबत एखादा तारा किंवा पान दिसते, त्याने गोंधळून जाऊ नये. एवढी यादी पाठ असली की १८५८ साल आणि भाल्याचे चिन्ह एकाच नाण्यावर आले तर ते नाणे तेथेच परत करता येते. साल आणि चिन्ह जुळवून पाहायला दहापट भिंगाखाली अर्धे मिनिट लागते, आणि ज्याला ही सवय लागली त्याला पुढे फसवणे अवघड जाते.

शेवटच्या काही वर्षांची गोष्ट वेगळी आहे. जर्मनीने मे १९४० मध्ये नेदरलँड्स व्यापल्यावर युट्रेख्टकडून वसाहतींना नाणी मिळेनाशी झाली आणि हे काम अमेरिकेच्या टांकसाळींकडे गेले. त्या नाण्यांवर ताडाचे झाड असते आणि सोबत रोमन लिपीतले एक अक्षर: फिलाडेल्फियासाठी पी, डेन्व्हरसाठी डी, सॅन फ्रान्सिस्कोसाठी एस. १९४१ ते १९४५ ची एस अक्षराची पाव आणि एक दशांश गिल्डरची नाणी कोट्यवधींनी पाडली गेली, त्यामुळे ती कोऱ्या अवस्थेतही चांदीच्या भावाहून फार महाग पडू नयेत. डेन्व्हरची १९४३ ची एक गिल्डर आणि अडीच गिल्डरची नाणी राणी विल्हेल्मिनाच्या नेहमीच्या डच नाण्यांसारखीच दिसतात. पुष्कळ विक्रेते ती मायदेशाची समजून विकतात आणि काही विक्रेते ‘युद्धकालीन दुर्मीळ’ म्हणून दुप्पट सांगतात. दोघांनाही डी अक्षर दाखवावे.

या संचात पैसे मोजायचे असतील तर ते अवस्थेसाठी मोजावेत. एकोणिसाव्या शतकातील पाव गिल्डर झिजलेले सर्वत्र मिळते, पण जावानीज अक्षरांच्या कडा तीक्ष्ण राहिलेले आणि कधीच न घासलेले नाणे शोधायला वेळ लागतो.

३. लागणारी साधने

साधने थोडीच लागतात आणि ती पहिल्या खरेदीच्या आधी घरात असावीत:

- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा आणि त्याची तपासणी करण्यासाठी एक प्रमाणित वजन
- व्हर्निअर कॅलिपर
- दहापट भिंग
- पाण्याचे लहान भांडे आणि बारीक दोरा, विशिष्ट गुरुत्व काढण्यासाठी
- नाणी ठेवण्याच्या पीव्हीसीविरहित पाकिटांचा किंवा कॅप्सूलचा पुरेसा साठा
- नोंदवही, कागदाची किंवा संगणकावरची

याशिवाय यादी लागते. आंतरराष्ट्रीय बाजारात ‘केएम’, म्हणजे क्राउझ-मिशलर सूचीतला, क्रमांक चालतो, तर डच लिलावांच्या सूचीत बहुधा स्खोल्टेन यांच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीतला क्रमांक दिलेला असतो. वर्ष तेच असले तरी क्रमांक निराळा असेल तर नाण्याच्या छापात काहीतरी फरक आहे असे समजावे आणि तो सापडल्याशिवाय बोली लावू नये. न्यूमिस्टासारखी ऑनलाइन सूची वजन आणि व्यास पाहायला पुरेशी आहे, किमतीसाठी नाही. किमतीसाठी झालेल्या लिलावांचे निकाल पाहावेत.

४. कंपनीच्या मोठ्या नाण्यांकडे वळताना

कंपनीने आशियात खर्च केलेल्या चांदीतील फार मोठा भाग तिचा स्वतःचा नव्हताच. स्पॅनिश अमेरिकेत पाडलेले आठ रेआलचे नाणे हेच मसाल्याच्या व्यापारातले चलन होते. त्यामुळे ‘डच व्यापारातले’ आणि ‘डच वसाहतीचे’ हा भेद मनात पक्का असावा. पहिल्या प्रकारात कोणतेही मेक्सिकन नाणे बसवता येते आणि विक्रेते ते बसवतातही.

कंपनीच्या नावाचे सर्वांत ओळखीचे चांदीचे नाणे म्हणजे ड्युकाटॉन. घोड्यावर तलवार उगारलेला स्वार आहे म्हणून डच लोक त्याला चांदीचा स्वार म्हणतात. वजन सुमारे ३२.७८ ग्रॅम आणि चांदी हजारी ९४१. हे नाणे मायदेशापेक्षा आशियात चढ्या दराने चाले, म्हणून खलाशी आणि अधिकारी ते खासगीत लपवून नेत आणि नफा स्वतःच्या खिशात घालत. यावर उपाय म्हणून १७२८ पासून कंपनीने स्वतःची मुद्रा असलेला ड्युकाटॉन पाडून घ्यायला सुरुवात केली. साधा आणि कंपनीचा ड्युकाटॉन यांतला फरक म्हणजे व्हीओसी ही गुंफलेली अक्षरे, आणि किमतीतला फरक मात्र अनेक पटींचा.

नेमकी हीच जागा भिंगाखाली पाहावी लागते. साध्या ड्युकाटॉनवर मागाहून अक्षरे कोरण्याचा किंवा जोडण्याचा प्रयत्न झालेला असतो. मूळ साच्यातून उठलेल्या अक्षराच्या बाजू पृष्ठभागात हळुवार उतरतात आणि आजूबाजूच्या जमिनीची झळाळी अक्षराच्या पायथ्यापर्यंत तशीच जाते. जोडलेल्या अक्षराच्या पायाशी बारीक रेघ, खड्डा किंवा आसपास घासून सपाट केलेला पट्टा दिसतो. घोड्याखालच्या ढालीवरून प्रांत ठरवावा. झीलंडचा सिंह लाटांतून अर्धा वर आलेला असतो, वेस्ट फ्रीसलँडच्या ढालीत चालणारे दोन सिंह एकावर एक असतात आणि गेल्डरलँडचे दोन सिंह समोरासमोर उभे असतात. कंपनीसाठी सगळ्या प्रांतांनी सगळ्या वर्षी नाणी पाडली नाहीत. म्हणून एखादे साल आणि प्रांत यांची जोडी सूचीत नसेल तर ‘नवा शोध’ लागला असे मानण्यापेक्षा नाणे खोटे आहे असे मानणे शहाणपणाचे ठरते.

बटाव्हियात पाडलेल्या नाण्यांचा प्रकार याहून अवघड आहे. १६४५ मध्ये तेथे ४८, २४ आणि १२ स्टुइव्हरची (स्टुइव्हर हे गिल्डरहून लहान डच परिमाण) चांदीची नाणी पाडली गेली, पण मायदेशातील संचालकांनी मान्यता नाकारल्याने ती मागे घ्यावी लागली. ती आज जगातल्या मोजक्या संग्रहांत आहेत, तेव्हा कोणी ते नाणे फोनवर फोटो दाखवून देऊ करत असेल तर संभाषण तेथेच संपवावे. अठराव्या शतकातील जावा रुपया तुलनेने आवाक्यातला आहे. त्यावर अरबी लिपीत ‘डच कंपनीचा दिरहम’ आणि ‘मोठ्या जावा बेटासाठी’ अशा अर्थाचा मजकूर असतो. त्याचा आकार ओबडधोबड असतो, त्यामुळे आपल्या मुघल रुपयांची सवय असलेल्या संग्राहकाला तो लवकर उमगतो.

चांदीतल्या डुइटबद्दलही एक शब्द. तांब्याच्या डुइटचे साचे वापरून भेटीसाठी चांदीत पाडलेली अस्सल नाणी आहेत आणि ती महाग आहेत. बाजारात मात्र चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची डुइटच जास्त फिरतात. कडेवर आणि उंच भागांवर लालसर झाक दिसली की उत्तर मिळते.

५. खोटे नाणे कसे पकडायचे

वजन आणि व्यास जुळणे ही पहिली चाचणी आहे, शेवटची नाही. आजची नक्कल योग्य वजनाची आणि अनेकदा खऱ्या चांदीचीही असते. दुसरी चाचणी विशिष्ट गुरुत्वाची. हजारी ७२० चांदीचे गुरुत्व सुमारे १०.० आणि हजारी ९४१ चे सुमारे १०.४ येते. म्हणजे २५ ग्रॅमचे अडीच गिल्डर दोऱ्याने पाण्यात टांगले की २.५ ग्रॅमने हलके भरले पाहिजे आणि ड्युकाटॉन सुमारे ३.१५ ग्रॅमने. तांबे-निकेलची नक्कल असेल तर २५ ग्रॅमला २.८ ग्रॅमची घट दिसेल. पाव गिल्डरसारख्या लहान नाण्यावर ही चाचणी करू नये, कारण घट इतकी थोडी असते की काट्याची चूकच उत्तर बदलून टाकते.

तिसरी चाचणी डोळ्यांची. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे, गोलसर अक्षरे आणि कडेवर जोडाची रेघ असते. एकाच साच्यातून निघालेल्या नकलांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसतो, म्हणून संशयित नाण्याचे फोटो इतर विक्रीतील फोटोंशी ताडून पाहावेत. सराफाकडे कसोटीचा दगड वापरू देऊ नये, त्याने नाणे कायमचे खराब होते. हॉलमार्क केंद्रांत एक्सआरएफ यंत्र असते. ते नाण्याला इजा न करता धातू सांगते, परंतु फक्त वरच्या थराचा, हे लक्षात ठेवून गुरुत्वाच्या चाचणीसोबतच त्याचा निकाल वाचावा.

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या बंद डबीतील नाणे असेल तर त्यावरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तेथील छायाचित्र जुळवावे. डब्यांचीही नक्कल होते. शिवाय दागिन्यातून काढलेली नाणी या क्षेत्रात पुष्कळ आहेत. बाराच्या किंवा सहाच्या काट्याजवळची कड भिंगाखाली फिरवून डाखाचा अंश आणि भरलेले भोक शोधावे.

६. बुडालेल्या जहाजांची नाणी

कंपनीची अनेक जहाजे चांदीसह बुडाली आणि त्यांतली काही गेल्या पन्नास-साठ वर्षांत सापडली. ॲकरेनडॅम १७२५ मध्ये नॉर्वेच्या रुंडे बेटाजवळ बुडाले आणि १९७२ मध्ये सापडले. हॉलंडिया १७४३ मध्ये सिली बेटांजवळ बुडाले आणि १९७१ मध्ये सापडले. या दोन्हींतील नाणी रीतसर विकली गेली, त्यामुळे ती कागदपत्रांसह मिळू शकतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर बुडालेल्या बटाव्हिया, व्हेर्गुल्ड ड्राक आणि झाउटडॉर्प या जहाजांची गोष्ट निराळी. तेथील अवशेषांना कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा त्यांचे नाणे नोंदीशिवाय घेऊच नये.

समुद्रात राहिलेले नाणे क्षरणामुळे हलके होते, म्हणून त्यावर वजनाची कसोटी चालत नाही आणि नकली नाण्याला नेमकी हीच सबब उपयोगी पडते. आम्लात बुडवून खरवडलेले नाणे ‘जहाजाचे’ म्हणून सहज खपते. प्रमाणपत्रात जहाजाचे नाव, उत्खनन करणारी संस्था आणि मूळ विक्री यांचा उल्लेख नसेल तर त्याला कागदाहून जास्त किंमत देऊ नये.

भोक पडलेले नाणे सहसा टाळावे, पण येथे एक अपवाद रंजक आहे. इंग्लंडच्या गुडविन सँड्सवर १७४० मध्ये बुडालेल्या रोसवाइक जहाजाच्या उत्खननात भोके पाडलेली चांदीची नाणी मिळाली. ती कपड्यांत शिवून चोरून नेली जात होती, असे संशोधकांचे मत आहे. म्हणून प्रत्येक भोक दागिन्याचेच असते असे नाही, मात्र कोणाच्या सांगण्यावरून ते चोरट्या व्यापाराचे मानू नये.

७. आपल्या किनाऱ्याशी जोडलेले दावे

डचांनी वेंगुर्ल्यात १६३७ मध्ये वखार घातली आणि त्या डच वखारीचे अवशेष आजही तेथे आहेत. त्यामुळे कोकणात ‘वेंगुर्ल्याचे डच नाणे’ दाखवणारा कोणीतरी अधूनमधून भेटतो. वेंगुर्ल्याला डचांची टांकसाळ नव्हती. सुरतेला कंपनीने आणलेली चांदी मुघल टांकसाळीत जाई आणि तेथून बाहेर पडणारा रुपया बादशहाच्या नावाचा असे. त्यावर डचांची कोणतीही खूण नसते. पूर्व किनाऱ्यावर पुलिकत आणि नागपट्टणम येथे डचांची नाणी पाडली गेली, पण ती प्रामुख्याने तांब्याची आणि सोन्याची आहेत. भारतीय डच नाण्यांविषयी शंका असेल तर नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेकडे विचारणा करता येते.

८. कोठून घ्यावे आणि हिशेब कसा करावा

चांगला माल बहुतेक नेदरलँड्समधील लिलावांतच येतो. तेथील नाणे व्यापाऱ्यांची एनव्हीएमएच ही संघटना आहे, आणि तिच्या सदस्याकडून घेतलेले नाणे खोटे निघाल्यास दाद मागायला जागा राहते. बोली लावताना हातोडी पडते ती रक्कम अंतिम नसते. तिच्यावर लिलावगृहाचे शुल्क, जे बहुधा वीस टक्क्यांच्या आसपास असते, मग टपाल, विमा, चलन बदलण्याचा खर्च आणि भारतात सीमाशुल्क व कर चढतात. म्हणून आधी दारात पडणारी एकूण किंमत ठरवावी आणि तीवरून उलट हिशेब करून बोलीची मर्यादा काढावी. इंडोनेशियातून थेट मागवण्याचा मोह होतो, पण तेथील २०१० च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू संरक्षित ठरू शकतात आणि त्या परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत.

९. कायदा आणि कागदपत्रे

भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की परदेशातून एकदा आणलेला १७२८ चा ड्युकाटॉन तुम्हाला पुढे परदेशी लिलावात पाठवता येणार नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी सुट्टीत नाणी सोबत आणताना याचा आधी विचार करावा. जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, तेव्हा ‘शेतात मिळालेले’ असे सांगून विकले जाणारे नाणे घेऊ नये.

आयात करताना पुढील कागद तयार ठेवावेत:

- विक्रेत्याचे पूर्ण देयक, ज्यात नाण्याचे वर्ष, धातू, वजन आणि खरी किंमत लिहिलेली आहे
- बँकेतून पैसे भरल्याचा पुरावा
- कुरिअरने मागितलेली ओळखपत्रे
- नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि आधीच्या मालकीची उपलब्ध माहिती

नाणकशास्त्रीय संग्रहाच्या वस्तू सीमाशुल्काच्या ९७०५ या शीर्षकाखाली येतात. देयकावर नुसते ‘चांदी’ लिहिले असेल तर पार्सल धातू म्हणून अडकते, म्हणून विक्रेत्याला ‘संग्रहातील नाणे’ असे स्पष्ट लिहायला सांगावे. दर बदलत असल्याने मागवण्याआधी कस्टम्स एजंटकडून त्या महिन्याचा दर विचारावा. किंमत कमी दाखवण्याची किंवा ‘भेटवस्तू’ लिहिण्याची सोय विक्रेता स्वतःहून देऊ करतो. ती घेऊ नये, कारण पार्सल हरवले तर विमाही तेवढाच मिळतो.

१०. जपणूक

नाणे घासू नये, ही एकच गोष्ट पाळली तरी पुष्कळ झाले. चिंच, लिंबू, दंतमंजन, सराफाची पावडर यांतले काहीही चालत नाही. काळसर झिलई हा दोष नसून संरक्षण आहे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून आलेला हिरवट चिकटा मात्र शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणे बुडवून काढता येतो, त्यासाठी नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवून ते दर महिन्याला बदलावे आणि लाकडी कपाटाऐवजी धातूचे किंवा प्लास्टिकचे कपाट वापरावे, कारण लाकडातून निघणारी आम्ले चांदीवर बसतात.

प्रत्येक नाण्यासाठी नोंदवहीत एक पान ठेवावे. त्यावर सूचीतील क्रमांक, वजन, व्यास, प्रांत किंवा टांकसाळ, चिन्ह, कोणाकडून आणि किती किमतीला घेतले, आणि देयक कोठे ठेवले आहे, एवढे लिहावे. या वहीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावी आणि विक्रीची वेळ आल्यास कोणाला विचारायचे तेही तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.